पगार २६ हजार, कार्डाचं कर्ज ६० हजार: आधी बचत करू की आधी कर्ज फेडू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात २६,००० येतात. आईकडे घरखर्चाला ९,००० देता. दुचाकीचा हप्ता ३,१००, त्याचे अजून आठ हप्ते उरलेत. कंपनीच्या कर्मचारी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ४,२००. क्रेडिट कार्डावर ६०,००० थकलेत, त्याची किमान रक्कम म्हणून महिन्याला ३,००० भरता. मित्राचे १२,००० हातउसने आहेत. दर महिन्याला वहीत बजेट मांडता, दोन-तीन महिने ते चालतं आणि मग मोडतं. आधी बचत की आधी कर्ज, असं विचारलंय, आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून कार्ड एकदाचं मिटवावं का, असंही.

तुम्ही जाता जाता चवथीबद्दल, म्हणजे गणेश चतुर्थीबद्दल, एक वाक्य लिहिलंय, 'गेल्या चवथीनंतर कार्ड परत वर गेलं.' माझं सगळं उत्तर त्या वाक्याभोवती आहे.

मी डिचोलीत एका भुसारी दुकानात हिशेब लिहिते. त्याआधी आमच्या घरात खाणीवर चालणारा ट्रक होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहिला. ते कर्ज संपायला आम्हाला सात वर्षं लागली. त्यामुळे हे जे लिहितेय ते भोगून शिकलेलं आहे.

त्या सात वर्षांतली पहिली दोन मी तुमच्यासारखीच वही घालून बसत होते. तांदूळ इतके, नुस्ते (मासे) इतकं, वीज इतकी, गॅस इतका. महिन्याचा हिशेब बरोबर जुळायचा. तरी वर्षाच्या शेवटी देणं पहिल्यापेक्षा जास्त. का, ते कळेना. मग एकदा जुनी सगळी पानं काढून बसले आणि कर्ज कुठल्या महिन्यात वाढलं एवढंच पाहिलं. मे, जून आणि चवथीचा महिना. बाकीच्या महिन्यांत आम्ही कर्ज घेतलंच नव्हतं!

आपल्याकडे पगार महिन्याचा असतो आणि खर्च वर्षाचा. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची: उकडे तांदूळ, मिरच्या, सोलां, चिंच, सुके बांगडे, सुकी सुंगटां (कोळंबी). पावसाआधी कौलं परतून घ्यायची. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, रेनकोट. त्यातच १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, म्हणजे ताजं नुस्ते महाग. ते संपतं न संपतं तोच चवथ. गणपतीवर बांधायची फळाफुलांची माटोळी, करंज्यांसारख्या नेवऱ्या, कपडे, भटजींची दक्षिणा, माहेरवाशिणींचं देणं. मध्ये स्कूटरचा विमा. आमच्या बाजूला शिरगावची जत्रा. आणि लग्नाच्या पत्रिका तर येतातच. यातला एकही खर्च अचानक आलेला नाही. चवथ दर वर्षी येते. पण महिन्याच्या वहीत तिला रकानाच नसतो, म्हणून ती आली की कार्ड बाहेर निघतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की दोन्ही करा, पण बचत फक्त या ठरलेल्या वार्षिक खर्चांसाठी करा. एखाद्या फंडात पैसे गुंतवायचे, सोनं घ्यायचं, ते सगळं कार्ड मिटेपर्यंत थांबवा. पण चवथीचे पैसे बाजूला न काढता सगळा पैसा कर्जात ओतलात, तर चवथीला तेच कर्ज परत घ्याल, आणि तेही सगळ्यात महागड्या दराने.

आमच्या घरचा आकडा सांगते. चवथ १५,०००, पुरुमेंत ९,०००, जूनची शाळा ८,०००, घराची डागडुजी ६,०००, विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००, जत्रा आणि लग्नांचे आहेर ६,०००. झाले ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. पहिल्यांदा हा आकडा पाहिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्या महिन्याच्या बजेटमध्ये ४,००० शिल्लकच नव्हते. म्हणजे आम्ही दर महिन्याला ४,००० ने मागे पडत होतो आणि आम्हाला ते दिसतच नव्हतं. दिसल्यावर मग कापाकापी खरी सुरू झाली. चवथीला नवे कपडे फक्त मुलांना, फटाके बंद, माटोळीला शेजारच्या बागेतलं आणि रानातलं मिळेल तेवढं, उरलेलं बाजारातून. पण गणपती दीड दिवसाचा आहे तसाच ठेवला. नेवऱ्याही केल्या. सण पुरता बंद केला की घरातली माणसं त्या बजेटच्याच विरोधात जातात, हे मी पाहिलंय.

आता तुमचं कार्ड. ६०,००० वर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. एकूण २,४७८. तुम्ही ३,००० भरता, म्हणजे मूळ कर्जातून जेमतेम ५२२ रुपये कमी होतात. तेही त्या महिन्यात कार्ड वापरलं नाही तर. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पेट्रोल भरलंत तरी त्या दिवसापासून व्याज चालू होतं. तीन-तीन हजार भरूनही आकडा हलत का नाही, असं तुम्ही विचारलंय, त्याचं कारण हेच. तुमच्या बिलावर दर छापलेला असतो, तो बघून हे गणित स्वतः मांडा.

तुमच्या सोसायटीचा दर तुम्ही १२ टक्के लिहिलाय. तो घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच, आहे ना, हे आधी विचारून घ्या. असेल तर तिथून ६०,००० वाढवून घ्या आणि कार्ड त्याच दिवशी पूर्ण भरा. दोन वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण २,८२५ बसतो. आत्ता किमान रक्कम भरता त्यापेक्षाही कमी, आणि चोविसाव्या महिन्यात कर्ज संपलेलं असतं. पूर्ण दोन वर्षांचं व्याज सुमारे ७,८०० होईल. जवळजवळ तेवढं व्याज तुमचं कार्ड तीन महिन्यांत घेतं. सोसायटीने नाही म्हटलं तर कार्डाच्या बँकेकडेच थकबाकीचे हप्ते बांधून मागा. दर सोसायटीपेक्षा जास्त असेल, पण आत्ताच्यापेक्षा बराच कमी. प्रक्रिया शुल्क किती ते लेखी घ्या.

यात एक अट आहे आणि ती पाळली नाही तर हे सगळं उलटं बसेल. कार्ड बंद करा. घरी कपाटात ठेवणं म्हणजे बंद करणं नव्हे, कारण ते फोनमधल्या ॲप्समध्ये जोडलेलं असतं. तिथून ते आधी काढून टाका. आम्ही ट्रकच्या हप्त्यासाठी एकदा दुसरीकडून कर्ज काढलं, पहिलं खातं उघडंच ठेवलं, आणि सहा महिन्यांत दोन्हीकडे देणं झालं. तो चुकीचा निर्णय माझा होता आणि त्याची किंमत वर्षभर मोजली.

पाटल्यांबद्दल. कार्डापेक्षा सोन्यावरचं कर्ज स्वस्त असतं, हे खरं. पण त्यात पुष्कळदा महिन्याचा हप्ता नसतो, वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं असतं. ज्याच्याकडे महिन्याअखेर काही उरत नाही, त्याच्याकडे वर्षाअखेर ६०-७० हजार कुठून येणार? खाणी पुढच्या महिन्यात सुरू होतील, त्याच्या पुढच्या महिन्यात होतील, असं म्हणत मी माझी मोहनमाळ गहाण ठेवली होती. मुदत दोनदा वाढवली. ती परत आली नाही. आईने ती मला लग्नात घातली होती. सोसायटीचं दार उघडं असताना तुम्ही पाटल्यांना हात लावू नका. अगदीच वेळ आली तर ठरलेल्या मासिक हप्त्याचंच सोनेतारण कर्ज घ्या, दुसरं नको. आणि फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स आहेत, त्यांच्याकडे तर फिरकूही नका.

तर नवी मांडणी अशी होते. आईला ९,०००, दुचाकी ३,१००, सोसायटीचा जुना हप्ता ४,२००, नवा २,८२५, मित्राला ५००, आणि वर्षाच्या खर्चाला समजा २,०००. हातात उरतात ४,३७५. पेट्रोल, मोबाइल, दुपारचं जेवण, सगळं त्यात. तंगी आहे, मी नाही म्हणत नाही. पण आठ महिन्यांनी दुचाकीचा हप्ता सुटतो. ते ३,१०० आणि मित्राचे ५०० मिळून त्याचं उरलेलं देणं तीन महिन्यांत मिटतं. मग ती पूर्ण रक्कम सोसायटीकडे वळवा. मित्राला ५०० म्हणजे फारच थोडे, असं वाटून टाळू नका. त्याला आजच सांगा की दर महिन्याच्या ५ तारखेला इतके देईन, आणि ५ तारीख चुकवू नका. हातउसन्या पैशांत माणसाला रकमेपेक्षा टाळाटाळ जास्त लागते.

वर्षाच्या पैशांसाठी बँकेत आवर्ती ठेव उघडा आणि मुदत अशी धरा की ती चवथीच्या आधीच्या महिन्यात संपेल. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होऊ द्या. महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू म्हटलं, तर काही उरत नाही.

रोजच्या खर्चाचं एकच सांगते, कारण ते मी दुकानात रोज बघते. खात्यावर माल नेणारं गिऱ्हाईक भाव विचारत नाही. रोख देणारी बाई खोबरेल तेलाची बाटली उलटून किंमत बघते, लहान पुडी मागते, एखादी वस्तू परत ठेवते. तीच बाई खात्यावर घ्यायला आली की बिस्किटांचे चार पुडे जास्त जातात. फोनवरून पैसे देण्याचंही तसंच होतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी बुधवारच्या बाजाराला ठरलेली रोकड घेऊन जाते आणि ती संपली की घरी येते. तुमच्याकडे आठवड्याला हजारभर रुपये आहेत. ते सोमवारी नोटांमध्ये काढून घ्या. दोन महिने करून बघा.

नुस्ते सोडू नका. ज्याला रोज हुमण (माशांची आमटी) लागतं त्याने ते एकदम बंद केलं की आठव्या दिवशी हॉटेलात जाऊन चारशे रुपयांची थाळी खाल्ली जाते. इसवणाऐवजी (सुरमईऐवजी) बांगडे, तारले घ्या. जून-जुलैत सुक्या सुंगटांची किस्मूर करा. पुरुमेंत ही आपल्या आज्यांनी घातलेली व्यवस्था आहे, उन्हाळ्यात थोडं थोडं साठवून पावसाळ्यात देणं होऊ न देण्याची. फक्त पुरुमेंत कार्डावर भरू नका.

कार्डवाल्यांचे फोन येतात असं तुम्ही लिहिलंय. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. घाबरून कुणाच्या खात्यात परस्पर पैसे भरू नका.

आईला गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० येतात ते तिचेच राहू द्या, बजेटमध्ये धरू नका. पण येत्या रविवारी तिला घेऊन बसा. वर्षाची यादी तुम्ही एकट्याने केलीत तर ती अर्धी राहील. चवथीला कुणाकडे काय द्यावं लागतं, कुठल्या कोपऱ्यात पाणी गळतं, कुणाचं लग्न ठरायच्या बेतात आहे, हे तिला माहीत असतं. कर्ज किती आहे हेही तिला त्याच दिवशी सांगा. ट्रकच्या कर्जाचा खरा आकडा मी सासूबाईंपासून दीड वर्ष लपवला होता. सांगितला तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर त्या वर्षीच्या पुरुमेंताची यादी माझ्याकडून मागून घेतली आणि स्वतः बसून त्यातल्या पाच वस्तू खोडल्या.