कॉलेजच्या युवा महोत्सवासाठी लोकनृत्य बसवायचंय, पण मी नृत्य शिकलेली नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या वर्षाला आहात, यंदा कॉलेजच्या लोकनृत्याची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, नृत्याचं शिक्षण नाही आणि सर म्हणतायत की बाहेरून कोरिओग्राफर आणू. मी याच जागी उभा होतो. सांगली जिल्ह्यातलं कॉलेज, शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव. दोन वर्षं संघात नाचलो, तिसऱ्या वर्षी संघ बसवला आणि पास झाल्यावरही दरवर्षी तालमींना जातो. तेव्हा मनापासून सांगतो, तुम्हाला हे जमेल. फक्त बहुतेक संघ जिथून सुरुवात करतात तिथून करू नका.

बहुतेक संघ फॉर्मेशनपासून सुरू करतात. वहीत ठिपके काढायचे, इथे त्रिकोण, इथे मनोरा, शेवटी सगळ्यांनी मिळून एक पोझ. मग त्यात नाच भरायचा. असा नाच दिसायला नीटनेटका होतो, पण तो कुठल्याच गावचा राहत नाही. आणखी एक मोह टाळा, तो म्हणजे दहा मिनिटांत वासुदेव, गोंधळ, कोळीनृत्य, लावणी सगळं कोंबण्याचा. गॅदरिंगला ते चालतं. स्पर्धेत एकच नाच घ्या आणि त्याच्या आत शिरा. महाराष्ट्रात निवड थोडी नाही. पालघरकडचा तारपा आहे, नंदुरबारकडचे पावरी नाच आहेत, कोकणातलं जाखडी आहे, आमच्याकडचं धनगरी गजीनृत्य आहे. तुमच्या तालुक्यात जे आजही जत्रेत नाचलं जातं ते घ्या, कारण मग शिकवणारा माणूस पाच-दहा किलोमीटरवर मिळतो.

आम्ही गजीनृत्य घेतलं. मध्ये ढोल आणि कैताळ (म्हणजे झांजा), भोवती रिंगण, प्रत्येकाच्या हातात रंगीत रुमाल. बिरोबाच्या जत्रेत लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून वाटलं येतंच आपल्याला. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे मामा आटपाडीकडच्या गजी मंडळात ढोल वाजवायचे. त्यांना विनंती केली. ते आले, आमचं बसवलेलं पाहिलं, काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, रुमाल ठेवा खाली.

पुढचे तीन दिवस हात उचलायचाच नाही. कॉलेजमागच्या मैदानावर, चपला काढून, नुसते पाय. संध्याकाळच्या उन्हात मातीत पावलं उमटायची आणि मामा टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, घेऊन ती बघत फिरायचे. एका ठशापाशी थांबायचे, टिपरूनं दाखवायचे आणि विचारायचे, "ही टाच कुणाची? लई दाबतीय." ती टाच माझी होती. मी वजन टाचेवर टाकत होतो, म्हणून प्रत्येक वळणाला अर्धी मात्रा मागे पडत होतो आणि ती भरून काढायला खांदे उडवत होतो. पाय सुधारल्यावर खांदे आपोआप शांत झाले. चौथ्या दिवशी त्यांनी रुमाल हातात दिले, तेव्हा कुणालाही हात कसा हलवायचा हे शिकवावं लागलं नाही. गुडघ्यातून आलेला झोल रुमालापर्यंत आपसूक पोचत होता.

म्हणून तुमचा पहिला आठवडा पूर्ण ठेक्याला द्या. ‘एक-दोन-तीन-चार’ असे काउंट म्हणू नका. त्या नाचाचे जे बोल वाजवणारा तोंडाने म्हणतो, तेच सगळ्यांनी मोठ्यानं म्हणत चाला. काउंटवर शिकलेला संघ रंगमंचावर ढोल जरा पुढेमागे झाला की गडबडतो, बोलांवर शिकलेला ढोलासोबत जातो.

आता खरा कोरिओग्राफीचा प्रश्न. याचं उत्तर मला कुणी तयार दिलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. जत्रेतला नाच रिंगणाचा असतो. नाचणारे ढोलाकडे तोंड करून असतात आणि बघणारे चारी बाजूंनी. रंगमंचावर बघणारे एकाच बाजूला. रिंगण जसंच्या तसं ठेवलं तर अर्धा संघ प्रेक्षकांना पाठ दाखवतो आणि ढोल दिसतच नाही. सगळ्यांना ओळीत प्रेक्षकांसमोर उभं केलं तर कवायत होते, कारण या नाचाचा जीव ढोलाकडे झुकण्यात आहे.

आम्ही बरेच प्रयोग केले. शेवटी ढोल मागे, मध्याच्या थोडं डावीकडे नेला आणि रिंगण घोड्याच्या नालेसारखं पुढच्या बाजूनं उघडं ठेवलं. सुरुवातीची दोन मिनिटं मात्र पूर्ण बंद रिंगण, अगदी पाठी दिसल्या तरी चालतील. प्रेक्षकांना आधी कळू दे की हे आपल्यासाठी नाचत नाहीत, देवासाठी नाचतायत. मग लय एक पायरी चढली की पुढचे दोघे बाजूला सरकतात, रिंगण उघडतं आणि मागचा ढोल दिसतो. पहिल्यांदा रंगीत तालमीत ते उघडलं, तेव्हा समोर बसलेल्या आमच्या शिपाईमामांनी एकदम टाळी दिली. हालचाल काहीच नवी नव्हती, दोन माणसं तीन पावलं सरकली होती, एवढंच. तुमचा नाच कुठलाही असो, तो मुळात कुणाकडे तोंड करून नाचतात हे आधी शोधा. तारप्यात नाचणारे तारपा वाजवणाऱ्याच्या मागे फेर धरून जातात. दिंडीत चाल पंढरपूरच्या दिशेनं असते. ती दिशा सापडली की फॉर्मेशन तिच्यातूनच निघतात.

नियमांचं थोडक्यात. आपल्याकडच्या फेऱ्या साधारण भारतीय विश्वविद्यालय संघाच्या राष्ट्रीय युवा महोत्सवाच्या नियमांवर चालतात. नाचणारे जास्तीत जास्त 10, साथीदार 5, वेळ 10 मिनिटांच्या आत, आणि नाचाची माहिती व गाण्याचे शब्द लिहून द्यायचे. आपल्या राज्यात 2003 पासून ‘इंद्रधनुष्य’ हा आंतरविद्यापीठ महोत्सवही होतो, तिथवर जायचं असेल तर आतापासूनच याच मापात बसवा. तरीही तुमच्या विद्यापीठाचं यंदाचं परिपत्रक स्वतः वाचा, सरांनी सांगितलेल्यावर राहू नका. पाच साथीदारांत आम्ही दोन ढोल, एक कैताळ, एक बासरी आणि ओवी म्हणणारा एक असं बसवलं. जत्रेतला दहा-बारा ढोलांचा दणका दोन ढोलांत येणार नाही, तेव्हा तो आणायचा प्रयत्न न करता मधे चार मात्रा पूर्ण शांतता ठेवली. त्या शांततेनंतर दोन ढोलसुद्धा मोठे वाटतात.

वेळ लावताना एक लक्षात घ्या. स्टेजवर लय नेहमी चढते. तालमीत 8 मिनिटं 40 सेकंदांत होणारा आमचा नाच पहिल्या फेरीत 8 मिनिटांच्या आत संपला आणि शेवटी शेवटी दोघांचा श्वास तुटला. पुढच्या फेरीसाठी ढोलवाला आणि सगळ्यात पुढचा नाचणारा यांनी पहिली दोन मिनिटं एकमेकांकडे बघूनच लय धरायची, असं ठरवलं.

आणि एक चूक आमची, जी तुम्ही करू नये. शेवटी भंडारा उधळायचा असं मीच ठरवलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत सगळं रान पिवळं होतं, ते डोळ्यांसमोर होतं. स्टेजच्या गुळगुळीत फळ्यांवर मात्र हळदीची पूड पडली आणि आमचीच एक मुलगी शेवटच्या गिरकीला घसरली. स्टेज साफ करणं त्या त्या संघाचंच काम असतं. आम्ही फडक्यांनी पुसत होतो आणि पुढचा संघ विंगेत ताटकळत उभा होता. त्या पोरांसमोर आम्हाला फार लाज वाटली. मामा नंतर एवढंच म्हणाले, भंडारा देवाचा, तो कपाळाला लावून आत यायचा. तेव्हापासून विंगेत सगळ्यांच्या कपाळाला लावतो आणि मगच एन्ट्री.

आमच्याकडे जत्रेत हा नाच पुरुषच नाचतात आणि आमच्या संघात सहा मुली होत्या. हे मामांना विचारायला मी घाबरत होतो. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, रुमाल नीट उडाला पाहिजे. तुम्हीही असं काही बदलणार असाल तर ज्यांचा नाच आहे त्यांना समोर बसून विचारा. तुमच्या वर्गात त्या समाजाची मुलं असतील तर त्यांना सगळ्यात आधी. ओवीतला एखादा शब्द आपण चुकीचा म्हणतोय हे त्यांनाच कळतं.

कपडे ड्रेपरीवाल्याकडून आणाल तर आदल्या दिवशी नको, निदान तीन तालमी त्या कपड्यांत करा. धोतराचा काचा, नऊवारीचा काष्टा आणि फेटा हे तिन्ही नाचताना सुटणारच, मग ते तालमीत सुटलेलं बरं.

बाहेरचा कोरिओग्राफर आणायचाच असेल तर शेवटच्या आठवड्यात आणा, समोरून बघून काय दिसत नाही ते सांगण्यासाठी. पायाभूत काम जत्रेत नाचणाऱ्या माणसाकडून करून घ्या आणि मानधन त्यालाही तेवढंच द्या. हे मी आग्रहानं सांगतो. आमच्या कॉलेजात मामांना नारळ-टॉवेल मिळाला होता आणि बाहेरच्या पाहुण्यांना पाकीट. त्यावरून पुढच्या वर्षी आम्ही मुलांनी भांडून बदल करून घेतला.

पुढे हेच शिकता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. येईल. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी घेता येते, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर नृत्यविभाग फार जुना आहे.

आत्ता मात्र आधी एक करा. तुमच्या जवळच्या गावात जत्रा कधी आहे ते बघा. पट्टणकोडोलीची दसऱ्यानंतर असते, आणि जिल्हास्तरीय फेरी बहुतेक त्याच सुमारास किंवा आधी लागते, म्हणजे जत्रेची वाट बघून भागणार नाही. या रविवारी दोघं-तिघं जाऊन गजी मंडळाचा नाहीतर भजनी मंडळाचा एखादा म्हातारा वादक गाठा. मोबाईलवर व्हिडिओ घेऊ नका लगेच. चप्पल काढून त्याच्यासोबत अर्धा तास चाला, आणि कुठला नाच ठरला ते इथे कळवा. गजीनृत्य असेल तर मामांना विचारून बोल लिहून पाठवतो.