हाय खाल्ली, वारं गेलं

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. प्रश्न तू दोन ओळींत विचारला आहेस, पण उत्तर दोन ओळींत देता येण्यासारखे नसल्यामुळे रविवारची वाट पाहिली.

तू लिहिले आहेस की, तुझ्या आरोग्य केंद्रात साठीचे एक गृहस्थ पाठपुराव्याला येतात. वर्षापूर्वी त्यांचा तरणाताठा मुलगा अपघातात गेला आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांनी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बरोबर आलेले भाऊबंद म्हणाले, ‘पोराची हाय खाल्ली, दुसरं काय!’ त्यावर तू सांगितलेस, ‘तसं काही नसतं, बीपी वाढलं म्हणून झालं.’ आणि मग रात्री तुला शंका आली की, आपण त्यांना खरे सांगितले की नाही.

तुझ्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग बरोबर आहे. पहिला अर्धा मात्र तू परत घ्यावास असे मला वाटते.

नैराश्य आणि पक्षाघात, म्हणजे लोकांच्या भाषेत हाय आणि वारं, यांचा संबंध ही आता केवळ गावगप्प राहिलेली नाही. 2011 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 28 पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात तीन लाख 17 हजारांहून अधिक माणसे होती, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे पक्षाघात होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी जास्त आढळला. 2023 मध्ये ‘इंटरस्ट्रोक’ या 32 देशांतल्या अभ्यासातून, ज्यात भारतातलेही रुग्ण होते, जवळपास तसाच आकडा पुढे आला. पक्षाघात झालेल्यांपैकी 18 टक्क्यांना त्याआधीच्या वर्षात नैराश्याची लक्षणे होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या, पक्षाघात न झालेल्या माणसांत ते प्रमाण 14 टक्के होते. हे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवतो, कारण 45 टक्के म्हटले की नातेवाईक घाबरतात. समज, एखाद्या गावात ठरावीक वयाच्या शंभर माणसांपैकी चौघांना पुढच्या काही वर्षांत झटका येणार असेल, तर तशाच पण नैराश्य असलेल्या शंभरांत तो सहाजणांना येईल. उरलेल्या चौऱ्याण्णवांना काही होणार नाही. धोका वाढतो हे खरे, पण नैराश्य आले म्हणजे झटका ठरलेलाच असे कोणालाही सांगू नकोस.

आता माझी एक चूक सांगतो. तू माझ्याकडे सहा महिने होतीस, तेव्हा ही गोष्ट मी तुला सांगितली नव्हती.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात तीस वर्षे दिवाणजी असलेले एक गृहस्थ माझ्याकडे रक्तदाबासाठी येत असत. हळदीच्या सौद्यांचे हिशेब ठेवणारा हात होता तो. घरी आणलेल्या यंत्रावर ते दर रविवारी रक्तदाब मोजत आणि लाल पुठ्ठ्याच्या अरुंद वहीत तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा असे तीन रकाने ठसठशीत अक्षरात भरून आणत. ऑगस्ट 2019 च्या पुरात त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढले. ऑक्टोबरमध्ये ते आले तेव्हा दाढी वाढलेली होती आणि हातात वही नव्हती. मी विचारले, ‘वही कुठं गेली?’ ते म्हणाले, ‘भिजली.’ मी पट्टा बांधला, वरचा आकडा 160 निघाला, मी गोळीचा डोस वाढवला. डिसेंबरमध्ये 172 निघाला, मी दुसरी गोळी जोडली. दोन्ही वेळा ‘बाकी ठीक?’ असे विचारले आणि दोन्ही वेळा ‘ठीक आहे, साहेब’ हे उत्तर लिहून घेतले. फेब्रुवारीत ते पहाटे उठले तेव्हा उजवा हात उचलत नव्हता आणि बोलताना शब्द सापडत नव्हते. पुढे महिन्याभराने त्यांच्या पत्नीने बेसनाच्या लाडवांचा एक स्टीलचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यात मी चार महिन्यांत लिहून दिलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एकाही पट्टीतली एकही गोळी काढलेली नव्हती.

भिजलेली वही मला समजली. पण ज्या माणसाने तीस वर्षे रोजमेळ लिहिला, त्याला दहा रुपयांची दुसरी वही घ्यावीशी का वाटली नाही, हा प्रश्न मला सुचला नाही. मी न घेतलेल्या औषधाचा डोस दोनदा वाढवला.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: बीपी आणि हाय ही एकमेकांना खोडून काढणारी दोन कारणे नव्हेत. पुष्कळ वेळा बीपीच्या वाटेनेच हाय मेंदूपर्यंत पोहोचते. ‘इंटरस्ट्रोक’च्याच 2016 च्या निष्कर्षांनुसार बदलता येण्याजोगी दहा कारणे मिळून जगातल्या पक्षाघाताचा सुमारे नव्वद टक्के भार उचलतात, आणि त्यांत एकटा उच्च रक्तदाब निम्म्याच्या आसपास आहे. उदास माणूस गोळी विसरतो, किंवा ‘आता जगून काय करायचंय’ म्हणून घेतच नाही. त्याचे चालणे बंद होते, झोप मोडते, बिडी किंवा दारू वाढते, बायकांची मिश्री दिवसातून दोनदाची पाच वेळा होते, साखर कोणी तपासत नाही. हे सारे बाहेरून दिसणारे झाले. शरीराच्या आतही नैराश्य स्वस्थ बसत नाही. ताणाच्या संप्रेरकांची, विशेषतः कॉर्टिसॉलची पातळी चढी राहते, हृदयाची गती आणि वाहिन्यांचा ताण वाढवणारी मज्जासंस्था सतत जागी असते, सूज दाखवणारी सीआरपीसारखी द्रव्ये रक्तात वाढलेली सापडतात आणि रक्तबिंबिका गुठळी करायला अधिक उतावीळ होतात. यांतल्या कशाचा वाटा किती, हे एकेका रुग्णात वेगळे काढून दाखवता येत नाही. मला त्याची फारशी गरजही वाटत नाही. डब्यातल्या पट्ट्या मोजता येतात, तेथून सुरुवात करावी.

काळाचाही एक मुद्दा आहे. अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या सोळा हजार माणसांचा 1998 ते 2010 असा मागोवा घेतला गेला. ज्यांची लक्षणे लागोपाठच्या दोन पाहण्यांत टिकून राहिली, त्यांचा धोका दुपटीहून अधिक होता; पण ज्यांची लक्षणे दुसऱ्या पाहणीपर्यंत ओसरली होती, त्यांचाही धोका लगेच खाली आला नव्हता. पुराचे पाणी उतरल्यावर भिंती पडतात, हे सांगलीकराला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब आणि साखर पाहण्यात पुढची दोन-तीन वर्षे तरी ढिलाई करू नकोस.

संबंध उलट दिशेनेही असू शकतो, हे तुझ्या बुद्धीला सुचले असेलच. साठी ओलांडल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच नैराश्य आले, विचार मंदावले, पावले लहान पडू लागली आणि दुःखापेक्षा निरिच्छाच जास्त दिसली, तर मेंदूतल्या बारीक वाहिन्या आधीच खराब झालेल्या असण्याची शक्यता असते. 1997 पासून ‘रक्तवाहिन्यांमुळे येणारे नैराश्य’ ही कल्पना वैद्यकात चर्चेत आहे. अशा रुग्णात उदासी हे झटक्याचे कारण नसून झटक्याआधी आलेले पत्र असू शकते. तुझ्या केंद्रात एमआरआय नाही, हे मला ठाऊक आहे. पण रक्तदाब, साखर, चरबी, तंबाखू आणि अनियमित नाडी या पाच गोष्टी पाहायला एमआरआय लागत नाही.

आता विचारायचे कसे, याबद्दल. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असे विचारलेस तर तुझ्या जतच्या ओपीडीत कोणीही हो म्हणणार नाही. तेथे लोक करमत नाही म्हणतात, जीव रमत नाही म्हणतात, अन्न गोड लागत नाही, अंग गळून जातं, डोकं जड होतं म्हणतात. त्या शब्दांना तक्रार समज, नखरा समजू नकोस. पट्टा दंडाला बांधलेला असताना दोनच प्रश्न विचार: गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या कामात मन लागेनासे झाले आहे का, आणि उदास किंवा निराश असे किती दिवस वाटले. दोन्हींपैकी एकाचे उत्तर ‘बरेच दिवस’ असे आले तर नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-9’ ही पूर्ण यादी वाच. 27 पैकी दहा किंवा अधिक गुण झाले तर पुढे नीट तपासायला हवे. कन्नड बोलणारा रुग्ण असेल तर दुभाषी म्हणून आशाताईंना बोलाव, शेजाऱ्याला नको. शेजाऱ्यासमोर माणूस खरे बोलत नाही आणि बोललाच तर ते गावभर होते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचार. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. द्राक्षबागायतदाराच्या घरी फवारणीची औषधे हाताशी असतात. तसा संशय आला तर त्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे द्यायला त्याच दिवशी सांग आणि रुग्णाला एकट्याने घरी पाठवू नकोस. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन-सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. तो केसपेपरच्या मागे लिहून देत जा.

औषधांबद्दल तू मानसोपचारतज्ज्ञांशी बोलशीलच. मी फक्त सामान्य डॉक्टरच्या हातून निसटणाऱ्या गोष्टी लिहितो. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही तर रुग्ण दहाव्या दिवशी ती बंद करतो. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा काळी शौच होते का ते विचारावे. म्हाताऱ्या माणसाला लघवी वाढवणारी बीपीची गोळीही चालू असेल तर सोडियम घसरू शकते. दोन-तीन आठवड्यांनी एकदा तपासून घे. व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या गोळीने रक्तदाब चढू शकतो. नातेवाईक विचारतील की, डिप्रेशनच्या गोळ्यांनीच तर झटका येत नाही ना. परिचारिकांच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत अशा गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत धोका जास्त दिसला होता खरा, पण ज्यांना गोळी लागते त्यांचा आजारच अधिक तीव्र असतो, हे त्यामागचे कारण असू शकते. नैराश्यावर उपचार केल्याने पुढचा झटका टळतो, हेही निःसंशय सिद्ध झालेले नाही, म्हणून तसे आश्वासन देऊ नकोस. माणूस पुन्हा जेवू लागतो, झोपू लागतो आणि बीपीची गोळी घेऊ लागतो, एवढे माझ्या मते उपचारासाठी पुरेसे कारण आहे.

झटका आल्यानंतरचे तुला पुस्तकातून ठाऊक आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे दिसले की 108 ला फोन. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तुझ्या केंद्रापासून मिरज-सांगली गाठण्यात त्यातला मोठा वेळ रस्त्यावर जातो. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ चिठ्ठीवर लिही. सीटी स्कॅन होईपर्यंत अॅस्पिरिन देऊ नकोस, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. कबुतराचे रक्त चोळायला निघालेल्या काकांशी वाद घालत बसू नकोस. त्यांनाच रुग्णवाहिकेत बसव.

त्यानंतरच्या महिन्यांत साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते, आणि ते आळस म्हणून खपून जाते. व्यायामाला नकार, ताटाकडे पाठ, भिंतीकडे तोंड करून पडणे अशी त्याची रूपे असतात. ज्याची वाचा गेली आहे त्याला तुझे दोन प्रश्न विचारता येणार नाहीत. त्याचे जेवण आणि झोप घरच्यांकडून समजून घे. मात्र टीव्हीवरची जाहिरात पाहून हुंदके देणारा आणि क्षणात शांत होणारा रुग्ण उदासच असेल असे नाही; मेंदूच्या इजेमुळे रडण्यावरचा ताबा सुटतो, आणि ‘हे आजारामुळे होते’ असे त्याला सांगितले तरी निम्मी लाज जाते. दिवाणजींच्या बाबतीत मला हे दोन्ही पाहायला मिळाले. डाव्या हाताने ते आता वहीत आकडे लिहितात. अक्षर वेडेवाकडे येते, पण तीनही रकाने भरलेले असतात.

तुझ्या त्या गृहस्थांच्या भाऊबंदांना पुढच्या खेपेला सांग की, हाय खाल्ल्याने बीपी हाताबाहेर जाऊ शकते आणि दोन्हींवर औषध आहे. त्यांना त्यांचाच शब्द परत मिळाला तर तुझे उरलेले बोलणे ते ऐकून घेतील. रिकाम्या पट्ट्या बरोबर आणायला सांग आणि स्वतः मोज.

आणखी एक. त्यांना हाताला धरून त्यांची पत्नी आणते, असे तू ओझरते लिहिले आहेस. मुलगा तिचाही गेला. तिचा केसपेपर काढलेला आहे का, याचा तुझ्या पत्रात उल्लेख नाही. मंगळवारी ती दोघे येतील तेव्हा आधी तिला खुर्चीवर बसव आणि पट्टा तिच्या दंडाला बांध.

तुझा,
सर
सांगली