बसमध्ये बसतात म्हणून बस?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. परवा घणसोलीहून वाशीला एनएमएमटीने जाताना तिने विचारलं, आई, बसमध्ये बसतात म्हणून तिला बस म्हणतात का? मी हो म्हणून टाकलं, पण मलाच पटेना. आणि माझे दीर वायरमन आहेत, ते पॅनलमधल्या पट्टीला बसबार म्हणतात, तो बस पण हाच का?
(एक वाचक, घणसोली)

उत्तर : ताई, मुलीची शंका एकदम रास्त आहे, पण आपल्या 'बसणे'शी याचा काही संबंध नाही. मूळ शब्द ऑम्निबस, लॅटिनमधला, अर्थ 'सगळ्यांसाठी'. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नांत गावात स्तानिस्ला बोद्री यांनी घोडागाडी सुरू केली, भाडं देईल त्याने चढावं अशी, त्या गाड्यांना हे नाव पडलं, आणि ४ जुलै १८२९ ला जॉर्ज शिलिबियर यांनी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी ऑम्निबस काढली, तीन घोडे ओढायचे आणि आत २२ माणसं. मुंबईत बस यायला मात्र १५ जुलै १९२६ उजाडला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट.

आता मला यातलं सगळ्यात आवडतं ते सांगतो. लॅटिनमध्ये 'सगळे' हा अर्थ 'ऑम्निस'चा, पुढचं 'बस' म्हणजे नुसता चतुर्थीचा प्रत्यय. शाळेत आपण स-ला-ते, स-ला-ना-ते घोकलं ना, तसला. म्हणजे 'सगळ्यांना' मधलं 'सगळ्यां' गळून पडावं आणि उरलेल्या 'ना'लाच लोकांनी गाडी म्हणावं, तसं झालंय हे! इंग्रजांनी बोलता बोलता सुरुवातीचा 'ऑम्नि' खाल्ला, आधी लिहिताना तिथे अपॉस्ट्रॉफी द्यायचे, नंतर तीही गेली. आणि संस्कृतात 'सर्वेभ्यः' म्हणतो त्यातलं 'भ्यः' आणि हे 'बस' एकाच जुन्या मुळातले, म्हणजे नातं आहेच, फक्त मुलीला वाटलं तिथे नाही. मिनीबस, ट्रॉलीबस, एअरबस हे सगळे त्या प्रत्ययालाच गाडी समजून नंतर बनवलेले शब्द.

दिरांचा बसबार पण हाच. एका जाड तांब्याच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून सगळ्या सर्किटांना करंट जातो, म्हणून तिला आधी ऑम्निबस बार म्हणायचे. कॉम्प्युटरमधली डेटा बस, म्हणजे आतल्या भागांमध्ये माहिती नेणारी वाट, ती पण तिथूनच आली.