केस लटकत ठेवून खबरी पाळावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही गोव्यातल्या बार्देश तालुक्याच्या किनारी भागात नव्याने रुजू झालेले पीएसआय आहात. रेंट-अ-बाईकच्या धंद्यातला एक मुलगा थोड्या गांजासह सापडला. तो म्हणतो, मला सोडा, मोठा माल कुठे येतो ते सांगतो. वरिष्ठांचं म्हणणं, केस लटकत ठेव, पोरगा कामाला येईल.

माझं स्पष्ट मत आहे, असं करू नका. पहिली गोष्ट, तो अधिकार तुमचा नाहीच. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे खटल्यापासून अभय फक्त केंद्र किंवा राज्य सरकार देऊ शकतं. तुम्ही जप्ती दाबलीत की त्या दिवसापासून तो मुलगाही तुमचं एक गुपित बाळगून असतो. दुसरं म्हणजे भीतीपोटी आलेल्या खबरेवर विसंबता येत नाही. कोंडीत सापडलेला माणूस साहेबांना हवं ते नाव देतो, आणि बऱ्याचदा ते नाव त्याच्या धंद्यातल्या वैऱ्याचं निघतं. मग भलत्याच घरात रात्री झडती होते, म्हातारी माणसं अंगणात उभी राहतात. जाणूनबुजून खोटी खबर देऊन झडती घडवणाऱ्याला कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कारण नसताना घरात घुसणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याच कलमात शिक्षा आहे.

तेव्हा केस रीतसर नोंदवा. गांजा एक किलोपर्यंत असेल तर तो कायद्याने ‘अल्प प्रमाणात’ मोडतो, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. मुलगा स्वतः व्यसनी असेल तर कलम ६४अ ची वाट त्याला समजावून सांगा: स्वखुशीने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सुटका मिळू शकते. बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयाचा पत्ता त्याच्या हातात द्या. हे सगळं कळल्यावरही तो आपणहून बोलायला आला, तर तिथून पुढे विचार करा. वय आधी तपासा. अठराच्या आतला असेल तर त्याला खबरी करायचा विषयच संपला.

त्याला माल विकत घ्यायला पाठवायचा मोह होईल. २००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पोलिसांनी २३ वर्षांच्या एका मुलीला, तिच्यावरच्या किरकोळ प्रकरणाच्या बदल्यात, रोख १३,००० डॉलर देऊन अमली पदार्थ आणि पिस्तूल खरेदी करायला धाडलं. पाळत ठेवणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटली आणि तिचा खून झाला. पुढच्या वर्षी त्या राज्याला खबऱ्यांबाबत वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने रामजनम सिंग प्रकरणात १९५६ सालीच बजावलंय की माणसाला गुन्ह्याला उद्युक्त करून मग पकडणं हे पोलिसांचं काम नव्हे. खबऱ्याने जे दिसलं, ऐकलं तेवढं सांगावं. पुढची पाळत तुमची.

आता नाव गुप्त ठेवण्याबद्दल, कारण गोव्यात हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. वाड्यावर कोण कुणाशी बोलला हे तिन्हीसांजेपर्यंत सगळ्यांना कळतं. आमच्या वेळी एका स्थानकात खबरी काउंटरपाशी आला, हवालदाराने प्रेमाने नावाने हाक मारून आत चहाला बसवलं. बाहेर दोन पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, गिऱ्हाईकाची वाट बघत उभे होते. त्या माणसाला नंतर गाव सोडून फोंड्याकडे बिऱ्हाड करावं लागलं. भेट दुसऱ्या तालुक्यात घ्या, पोलीस गाडी नेऊ नका, वैयक्तिक मोबाईलवर त्याचं नाव सेव्ह करू नका. त्याला छाप्याला नेऊ नका आणि पंच तर कधीच करू नका. पंच झाला की साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलाच. खोलीतली, फक्त तिघांना माहीत असलेली जागा त्याने सांगितली असेल, तर थेट तिथेच हात घातल्याने बोट त्याच्याकडेच जाणार. थांबा, स्वतःची पाळत लावा, दुसरीकडून खात्री करा.

कोर्टात मात्र खबर कुठून आली याची खोटी कथा रचू नका, तशी गरजच नाही. ‘गुप्त बातमीदाराकडून माहिती मिळाली’ एवढं खरं सांगा. नाव सांगायची सक्ती एनडीपीएसच्या कलम ६८ आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३१ मुळे होऊ शकत नाही. माहितीच्या अधिकारातही खबर देणाऱ्याची ओळख राखणारं कलम ८(१)(छ) आहे.

नाव बाहेरच्यांपासून लपवायचं, पण त्याच्याशी असलेला व्यवहार खात्यापासून लपवायचा नाही. माझा सगळा आग्रह इथे आहे. एनडीपीएसच्या कलम ४२ खालची, म्हणजे ज्यावरून विनावॉरंट झडती घ्यायची ती खबर लेखी उतरवा, प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवा. खबऱ्याला सांकेतिक नाव द्या, खरं नाव बंद लिफाफ्यात एका वरिष्ठाकडे ठेवा. भेटीला एकट्याने जाऊ नका. पैसे गुप्त निधीतून, दोन अधिकाऱ्यांसमोर, सांकेतिक सहीची पावती घेऊन द्या. खिशातून नको, उसने नको, आणि जप्त मालातला कणही नको. २०१० मध्ये इथल्या अमली पदार्थविरोधी पथकातल्या काही पोलिसांनाच तस्करांशी साटेलोट्याच्या आरोपाखाली अटक झाली होती. नोंद नसलेली जवळीक कुठवर जाऊ शकते ते तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं.

तुमची बदली झाली तर त्याला परस्पर नव्या अधिकाऱ्याच्या हवाली करू नका. आधी विचारा. नको म्हणाला तर फाईल बंद करा, आणि पुन्हा कुणी त्याच्या दारात जाणार नाही याची नोंद वरिष्ठांकडून करून घ्या.