लीडरशिप सोडू का, असं विचारणाऱ्या मुलीला

तुझं पत्र वाचलं. रविवारी मुलांना शिकवणारा 12 जणांचा ग्रुप, लीडर तू, एकजण ऐनवेळी दांडी मारतो, दुसरी त्याला सगळ्यांदेखत व्हॉट्सॲपवर सुनावते, निम्मे याच्या बाजूने निम्मे तिच्या, आणि तू गुपचूप त्याचेही वर्ग घेतेस. आणि आता विचारतेस की सोडून दिलं तर सीव्हीवर वाईट दिसेल का.

सीव्हीचं नंतर बघू. गुपचूप वर्ग घेणं तुला समजूतदारपणा वाटतोय पण ती टाळाटाळ आहे गं. थॉमस आणि किलमन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1974 मध्ये भांडण हाताळायच्या पाच पद्धती मांडल्या, त्यात टाळणं पण आहे, किरकोळ कुरबुरीला ते चालतंही. इथे मुलं ताटकळत बसतात, म्हणजे हे किरकोळ नाही.

बरं, पगार तुझ्या हातात नाही, उद्यापासून येत नाही म्हणाला की विषय संपला, त्यामुळे दम देऊन उपयोग शून्य. त्याला फोन कर, मेसेज नको, आणि 'का येत नाहीस' ऐवजी 'कुठलं काम झेपेल' असं विचार. कधीकधी माणसाला शिकवायलाच जमत नसतं आणि सांगायची लाज वाटते, मग त्याला वर्कशीट बनवायला दे ना! तिच्याशी वेगळं बोल, तुझा मुद्दा बरोबर आहे हे आधी सांग नाहीतर ती पुढचं ऐकणारच नाही, पण ग्रुपवर सुनावणं बंद. मगच दोघांना समोरासमोर बसव आणि एकच नियम ठरवा, यायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं आणि बदली माणूस स्वतः शोधायचा. तो बदली माणूस दरवेळी तू नाहीस.

तरी नाहीच सुधारला तर मोकळं कर त्याला. फुकट काम करतो म्हणून कुणाला कायम सांभाळायचं नसतं.

आता सीव्ही. परीक्षेमुळे सोडत असशील तर खुशाल सोड, कोणी विचारत नाही. भांडणामुळे सोडणार असशील तर थांब, कारण 'टीममध्ये मतभेद झाले तेव्हा काय केलंत' हा प्रश्न इंटरव्ह्यूत खूपदा येतो, आणि तुझ्याकडे सध्या अर्धीच गोष्ट आहे. सांगताना त्या दोघांच्या चुका मोजू नकोस, तू आधी टाळत होतीस ते सांग.

या रविवारी वर्ग घ्यावाच लागला तर घे, फक्त ग्रुपवर सांगून घे.