वाचक विचारतात : मोजमाप, चार्ट आणि परत येणारा माल

(या वेळी निवडलेले प्रश्न नागपूर आणि परिसरातल्या कारखान्यांमधून आलेले आहेत. काही प्रश्न लांबलचक होते, ते थोडक्यात दिले आहेत.)

प्रश्न : सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) आम्ही बाहेरून ३२ एच ७ मापाचा बुश काढतो. ऑपरेटर प्रत्येक जॉब (नग) मोजतो आणि मधल्या मापापासून जितका फरक दिसेल तितका ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) लगेच टाकतो. एवढं करूनही शंभरात एखादा जॉब बाहेर जातोच. मशीन बदलायची वेळ आली का? – हिंगणा एमआयडीसी

मशीन राहू द्या, आधी तो ऑफसेट थांबवा.

३२ एच ७ (लहान h) म्हणजे ३१.९७५ ते ३२.००० मिमी, एकूण टॉलरन्स (चालणारा फरक) २५ मायक्रॉन, म्हणजे मिमीचे २५ हजारावे भाग. ठीकठाक मशीनवर कुणी काही न छेडता जॉब काढले तरी प्रत्येकाचं माप थोडं वर-खाली होणारच. एखादा जॉब मध्यापेक्षा ५ मायक्रॉन मोठा आला म्हणून पुढचा ५ मायक्रॉन खाली ओढला, तर त्या पुढच्या जॉबला स्वतःची वर-खाली आहेच, शिवाय आधीच्या जॉबची वर-खाली उलट्या दिशेने येऊन चिकटते. दोन चढउतार एकत्र आले की व्हेरियन्स दुप्पट होतो आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे मापं किती पसरतात ते सांगणारा सिग्मा, १.४१ पट. समजा हात न लावता सिग्मा ३.४४ मायक्रॉन आहे. माप मध्यावर असेल तर १०,००० जॉबमध्ये साधारण ३ बाहेर जातील. प्रत्येक जॉबला ऑफसेट टाकत गेलात तर सिग्मा ४.८६ होतो आणि बाहेर जाणारे जॉब होतात १००च्या आसपास. तुमचं शंभरात एक हेच आहे. काळजी घेऊनही नव्हे, त्या काळजीमुळेच जॉब बाहेर जातोय.

आता करायचं काय? आधी मायक्रोमीटर बघा. टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतका तरी बारीक लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) हवा. २५ मायक्रॉनला ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर चालत नाही, ०.००१चा घ्या. मग दर अर्ध्या तासाने लागोपाठचे ५ जॉब उचला, मोजा, सरासरी आणि रेंज (गटातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक) लिहा. असे २५ गट होईपर्यंत ऑफसेटला हात नाही. इन्सर्ट (कापणारी पात) बदलला, कच्च्या मालाचा बार बदलला, लाइट गेली, सगळं वेळेसकट त्याच कागदावर नोंदवा. पुढे कारण शोधताना हीच नोंद कामाला येते, आणि नेमकी हीच कुणी लिहीत नाही.

रेंजची सरासरी ८ मायक्रॉन आली असं धरू. गटांच्या सरासरीचा एक आणि रेंजचा एक असे दोन चार्ट आखायचे; त्यासाठी ५च्या गटाचे ठरलेले गुणक ०.५७७, २.११४ आणि २.३२६. सरासरीच्या चार्टच्या मर्यादा मधल्या रेषेपासून ०.५७७ गुणिले ८, म्हणजे ४.६ मायक्रॉन वर आणि तितक्याच खाली. रेंजच्या चार्टची वरची मर्यादा २.११४ गुणिले ८, म्हणजे १६.९, खालची शून्य. आणि ८ भागिले २.३२६ म्हणजे ३.४४, हा तुमचा सिग्मा. एखादा गट मर्यादेबाहेर गेला आणि त्याचं नक्की कारण सापडलं, तरच तो वगळून मर्यादा पुन्हा काढा. दिसायला वाईट म्हणून वगळायचा नाही.

बऱ्याच कारखान्यांत सरासरीच्या चार्टवर ड्रॉइंगचे टॉलरन्स आखलेले दिसतात. ते चुकीचं आहे. ५ जॉबची सरासरी एकेका जॉबपेक्षा खूप कमी हलते. तुमच्या सरासरीची मर्यादा अधिक-उणे ४.६, तर टॉलरन्स अधिक-उणे १२.५. टॉलरन्सच्या रेषा आखल्यात तर माल बिघडून जाईपर्यंत चार्ट गप्प राहील.

एक टिंब मर्यादेबाहेर गेलं, किंवा लागोपाठ ८ टिंबं मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आली, तरच हात घाला. तोही थेट ऑफसेटला नको. आधी इन्सर्टची धार, जॉब पकडणाऱ्या जॉच्या खाली अडकलेली चिप (धातूचा कीस), कूलंटचा मारा बघा. ऑफसेट द्यावाच लागला तर ५ जॉबच्या सरासरीवरून द्या, आणि शेवटच्या चांगल्या टिंबानंतरचा सगळा माल बाजूला काढून तपासा. इन्सर्ट झिजत जातो तसं बाहेरचं माप हळूहळू वाढतं. चार्टवर चढ स्पष्ट दिसतो. तो चढ किती जॉबमागे किती मायक्रॉन हे चार्टवरूनच काढा आणि तेवढ्या जॉबनंतर तेवढाच ठरलेला ऑफसेट द्या.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर १२० मिमीचं मशीनिंग करतो. आमच्याकडे पास झालेला माल पुण्याच्या ग्राहकाकडे लहान भरतो. एप्रिल-मेमध्येच हा त्रास जास्त. दोन्हीकडचे मायक्रोमीटर कॅलिब्रेट केलेले आहेत. – बुटीबोरी

ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसचं असतं. मेमध्ये नागपूरचा पारा ४५च्या घरात, शेडमध्ये ४२ धरा. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टीलचा मायक्रोमीटर ११.५. दोन्ही ४२ अंशांवर असले तरी फरकाचे ११.५ मायक्रॉन उरतातच. १२० मिमी आणि २२ अंशांना ते ३० मायक्रॉन होतात. म्हणजे तुमच्याकडे जॉब खऱ्यापेक्षा ३० मायक्रॉन मोठा दिसतो, ग्राहकाच्या एसी खोलीत तोच लहान. त्यात मशीनवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजला, तो मायक्रोमीटरपेक्षा १५ अंशांनी गरम असला, तर आणखी ४१ मायक्रॉन.

उपाय स्वस्त आहे. त्याच ॲल्युमिनियमचा १२० मिमीचा एक मास्टर बनवा, २० अंशांवर मोजून घ्या आणि त्यावर माप कोरून ठेवा. मास्टर कायम जॉबच्या शेजारी ठेवायचा, जॉब थंड होऊन मास्टरच्या तापमानाला आला की मास्टरवर शून्य लावून फक्त फरक वाचायचा. जॉब जाड असेल तर थंड व्हायला पुरेसा वेळ द्या; हाताला गार लागला म्हणजे गार झाला असं नाही.

आणि क्यूसीच्या (तपासणीच्या) टेबलावर डेझर्ट कूलर सोडू नका. नागपुरात जिकडेतिकडे कूलर असतो म्हणून सांगावं लागतं. एका बाजूने गार झोत, दुसऱ्या बाजूने पत्र्याची धग, त्यात दमट हवेने स्लिप गेजला (मापाच्या पोलादी ठोकळ्यांना) गंज. पंखा परवडला.

मोजण्यातली माणसांची तफावत बघायची तर १० जॉब, ३ माणसं, प्रत्येकाकडून प्रत्येक जॉब ३ वेळा, क्रम बदलून आणि आधीचं वाचन न दाखवता. मोजण्यातली तफावत एकूणाच्या १० टक्क्यांखाली असेल तर उत्तम, ३०च्या वर गेली तर त्या मापावर कुठलाच चार्ट काढू नका. लागोपाठ निघालेले १० जॉब घेऊ नका. दोन-तीन दिवसांतले लहान-मोठे वेचून घ्या.

प्रश्न : चिवड्याच्या २०० ग्रॅमच्या पाकिटात माल कमी भरू नये म्हणून सरासरी २०६ ग्रॅम जातो. मशीनला माल मापून भरणारे चार कप आहेत. दर अर्ध्या तासाला चारही कपांचं एकेक पाकीट तोलून चार्ट काढतो. सगळी टिंबं मधल्या रेषेला चिकटून असतात, म्हणजे प्रक्रिया उत्तम ना? – कळमना

नाही. टिंबं इतकी शहाण्यासारखी वागू लागली की संशय घ्यावा. तुमच्या चार कपांच्या सरासऱ्या समजा २०३, २०५, २०६, २१० आहेत आणि एकेका कपाचा सिग्मा फक्त २ ग्रॅम. चारही कपांतून एकेक पाकीट घेतलं की रेंजमध्ये कपांमधला फरक शिरतो. रेंज ८च्या आसपास येते आणि ४च्या गटाच्या ०.७२९ या गुणकाने मर्यादा जातात ५.८ ग्रॅमवर. पण सरासरी खरी हलते ती ३ ग्रॅमच्या आत. म्हणून टिंबं मधोमध. हा चार्ट कपातला बिघाड दाखवणारच नाही.

एकाच कपाची लागोपाठ ४ पाकिटं, असे चार वेगळे चार्ट काढा. दोन दिवसांत कळेल की २१०चा कप खोल बसलाय. चारही कप सारखे केलेत आणि सिग्मा २ राहिला, तर सरासरी २०२वर आणायला हरकत नाही. वैधमापनाच्या नियमांनुसार २०० ग्रॅमला एका पाकिटाची चालणारी तूट ९ ग्रॅम, शिवाय नमुन्याची सरासरी २००च्या खाली जाता कामा नये. १९१ ग्रॅम हे २०२पासून साडेपाच सिग्मा लांब आहे. पाकिटामागे ४ ग्रॅम वाचले, तर १०,००० पाकिटांना ४० किलो चिवडा.

दोन गोष्टी सांभाळा. लॅमिनेटचा (पाकिटाच्या आवरणाचा) रोल बदलला की १० रिकामी पाकिटं तोलून वजा करायचं वजन नव्याने ठरवा. आणि कप आकारमानाने भरतो, वजनाने नाही. पोहे जाड-पातळ झाले किंवा तेल कमी-जास्त राहिलं की तोच कप वेगळं वजन देतो, म्हणून नवी घाणी आली की पहिला गट लगेच तोला.

प्रश्न : कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेच्या विटा करतो. ताकद कधी ६, कधी ११ न्यूटन प्रति चौरस मिमी. सिमेंट वाढवून पाहिलं, मग पाणी, मग मिक्सिंगचा वेळ. काहीच धड कळत नाही. – कामठी रोड

एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलात म्हणून कळत नाही. तीन गोष्टी, प्रत्येकीच्या दोन पातळ्या, मिळून ८ जोड्या होतात. सिमेंट ८ आणि १० टक्के, पाणी सध्याचं आणि १ टक्का जास्त, मिक्सिंग ३ आणि ५ मिनिटं. प्रत्येक जोडी दोनदा, म्हणजे १६ घाण्या. क्रम चिठ्ठ्या टाकून काढा, नाहीतर सकाळची सगळी कमी सिमेंटची आणि दुपारच्या उन्हातली सगळी जास्त सिमेंटची होतील आणि ऊन सिमेंटच्या नावावर खपेल. राख एकाच ट्रकची पुरत नसेल तर पहिल्या ट्रकवर आठही जोड्या, दुसऱ्यावर पुन्हा आठही. तळ्यातली ओली राख आणि कोरडी राख मिसळू नका. तळ्यातली राख भरड असते.

हिशेब वहीत होतो. जास्त सिमेंटच्या ८ घाण्यांची सरासरी वजा कमी सिमेंटच्या ८ची, हा सिमेंटचा परिणाम. तसंच पाण्याचं आणि वेळेचं. उदाहरण म्हणून समजा सिमेंटचा परिणाम १.६ आला, पाण्याचा २.१, मिक्सिंगचा ०.३. पण पुढे बघा. पाणी कमी असताना सिमेंट वाढवून फक्त ०.८ मिळाले आणि पाणी जास्त असताना २.४. पाण्याशिवाय सिमेंट वाया जातंय, हे एकेक गोष्ट बदलून कधीच दिसलं नसतं. जोडीच्या दोन घाण्यांमध्येच १चा फरक पडत असेल, तर मिक्सिंगचे ०.३ विसरा.

क्युरिंग (विटा ओल्या ठेवून पक्क्या होऊ देणं) सगळ्या घाण्यांचं तंतोतंत सारखं ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात उघडी वीट वरून वाळते आणि आतली प्रक्रिया पाण्याविना अडते, तेव्हा सावली आणि ओली पोती. तपासताना प्रत्येक घाणीच्या ५ विटा २४ तास भिजवून घ्या, विटेवरची खाच मॉर्टरने सपाट भरा, वर-खाली ३ मिमी प्लायवूड ठेवा आणि भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी या वेगाने चढवा. खडबडीत तोंडाची वीट लवकर फुटते आणि दोष उगाच मिश्रणावर येतो.

प्रश्न : ग्राहक सीपीके (सरासरीपासून टॉलरन्सच्या जवळच्या टोकाचं अंतर भागिले तीन सिग्मा) १.३३ मागतो. पहिल्या प्रश्नासारखाच आमचाही २५ मायक्रॉनचा जॉब आहे. ३० जॉब सलग काढून आकडा दिला तर चालेल? – हिंगणा एमआयडीसी

चालवून घेणारे आहेत, पण तो आकडा त्या अर्ध्या तासाचा. इन्सर्टची झीज, शिफ्ट, बार बदलणं, काहीच त्यात नाही. किमान २५ गट आणि १०० वाचनं घ्या, आणि चार्ट स्थिर असल्याशिवाय सीपीके काढूच नका. सिग्मा ३.४४ असेल तर मध्यावर बसवूनही १.२१च मिळेल. माप ३१.९९१वर सरकलं तर ०.८७. १.३३साठी सिग्मा ३.१३च्या खाली यायला हवा. ते ऑफसेटने होत नाही, जॉबची पकड आणि स्पिंडलचा ढिलेपणा सुधारून, इन्सर्टची ग्रेड बदलून होतं.

प्रश्न : प्रत्येक लॉटमधून १० टक्के माल तपासतो, एकही खराब नसेल तर पास. पुरेसं आहे? – वाडी

५०च्या लॉटमध्ये १ खराब असेल तर ५ तपासून तो लॉट १००पैकी ९० वेळा पास होतो. ५००च्या लॉटमध्ये १० खराब, म्हणजे तेच २ टक्के, असताना ५० तपासले तर साधारण ३५ वेळाच. दर्जा तोच, कसोटी दोन तऱ्हांची. टक्केवारी सोडा आणि आयएस २५०० या भारतीय मानकाचे तक्ते वापरा. १,२०१ ते ३,२०० नगांच्या लॉटला, तपासणीची सर्वसाधारण पातळी दोन आणि एक्यूएल (चालवून घेण्याजोगं खराब मालाचं प्रमाण) १ टक्का धरला तर १२५ नग तपासायचे. ३ खराब निघेपर्यंत पास, ४ निघाले की नापास.