मीमांसा : पहिला ‘मी’ दीर्घच

प्रश्न आला आहे : ‘मीमांसते’ या संस्कृत क्रियापदाचा मूळ अर्थ काय, आणि मराठीत ‘मीमांसणे’ चालेल का?

आधी एक तक्रार. निवडणुकीचा निकाल लागला की संध्याकाळी वाहिन्यांवर ‘पराभवाची मिमांसा’ सुरू होते. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचे एवढाच तिथे वाद असतो. वर पहिली ‘मि’ ऱ्हस्व!

सखोल विचार, पूर्वमीमांसा, उत्तरमीमांसा हे कोणत्याही कोशात सापडेल. खरी गंमत घडणीत आहे. धातूला ‘सन्’ हा इच्छा दाखवणारा प्रत्यय लागला की पहिले अक्षर दुणावते. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा, ऐकण्याची ती शुश्रूषा (तिला आपण दवाखान्यात नेऊन ठेवले). यांत दुणावलेले अक्षर ऱ्हस्व; मग मीमांसेतच दीर्घ का? पाणिनीने त्यासाठी वेगळे सूत्र केले : ‘मान्बधदान्शान्भ्यो दीर्घश्चाभ्यासस्य’ (३.१.६). मान्, बध्, दान्, शान् या चार धातूंना सन् लागतो आणि दुणावलेल्या अक्षराचा स्वर दीर्घ होतो. मान् पासून मीमांसा आणि बध् पासून, धरा श्वास, बीभत्स! तत्त्वचिंतन आणि किळस एकाच सूत्रात नांदतात. अर्जुनाचे ‘बीभत्सु’ हे नावही तिथलेच. आणि मराठी माणूस नेमके हेच दोन शब्द ‘मिमांसा’ आणि ‘बिभत्स’ असे लिहितो.

शांकरभाष्यावर ‘भामती’ ही टीका लिहिणारे वाचस्पतिमिश्र मीमांसेचा अर्थ ‘पूजित विचार’ असा करतात, कारण धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, ‘मान पूजायाम्’ (मान् म्हणजे पूजा करणे) असे आहे. मला हे मुळीच पटत नाही. याच सूत्रावरच्या वार्तिकात (पूरक टिपेत) मान् चा अर्थ ‘जिज्ञासा’ दिला आहे, म्हणजे ‘मीमांसते’चा मूळ अर्थ ‘जाणून घेऊ पाहतो’; पूर्वमीमांसेचे सूत्रकार जैमिनी ‘अथातो धर्मजिज्ञासा’ म्हणून सुरुवात करतात, उत्तरमीमांसेचे बादरायण ‘अथातो ब्रह्मजिज्ञासा’ म्हणून. मध्येच ही पूजा कुठून आली? ‘मा’ म्हणजे मोजणे, त्यावरून मीमांसा, असे सांगणारेही भेटतात. त्यांना तैत्तिरीय उपनिषदाने भुरळ घातली असावी. तिथे ‘सैषानन्दस्य मीमांसा भवति’ म्हणून धडधाकट, विद्वान, साऱ्या पृथ्वीच्या धनाचा मालक असलेल्या तरुणाचा आनंद हे एक माप धरले आहे आणि ते शंभरपट, पुन्हा शंभरपट करत थेट ब्रह्मानंदापर्यंत नेले आहे. हिशेब झकास आहे, पण व्याकरण आडवे येते : ‘मा’ला सन् लावला तर रूप ‘मित्सति’ होते.

‘मीमांसणे’ म्हणाल तर मराठीत ते रुळलेले नाही; ‘मीमांसा करणे’ पुरेसे आहे.